सांडले तर सांगा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषणे करणारी बाई नव्हे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. बाकीचे सारे चुलीपाशी नि मोरीपाशी झाले. परंतु मंडळाच्या सतरंज्या, जाजमे आणि आपण बसलो आहोत तो लोकरीचा गालिचा यांची देखभाल गेली चार वर्षे माझ्याकडे आहे. तेव्हा त्यांवर पडणाऱ्या डागांविषयी चार शब्द बोला, असे कार्यवाहबाईंनी सांगितले, म्हणून उभी राहिले आहे.

डागाच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची म्हणजे वेळ. काही सांडले की ओल आधी धाग्याच्या वर असते, मग हळूहळू आत मुरते. म्हणून ताबडतोब जुन्या धोतराचा पांढरा तुकडा घेऊन दाबून टिपावे, घासू नये. घासल्याने डाग पसरतो आणि लोकरीचे तंतू पिंजतात. टिपताना कडेकडून मध्याकडे यावे. रंगीत फडके घेऊ नये, त्याचाच रंग उतरायचा. पाणीही बेताचेच वापरावे. पुष्कळ गालिच्यांच्या पाठीला ताग असतो. तो भिजून राहिला तर कुबट वास येतो आणि वर तपकिरी छटा उमटते.

मग डागाची जात पाहावी. दूध, अंडे, रक्त यांना थंड पाणीच लावावे. गरम पाण्यात अंडे कसे घट्ट होते ते आपण रोज पाहतो; हे डागही तसेच धाग्यात घट्ट बसतात. चहा सांडला तर टिपून घ्यावा, साधे पाणी लावून पुन्हा टिपावे, आणि तरी छटा राहिली तर वाटीभर पाण्यात चमचाभर पांढरे व्हिनेगर घालून ते लावावे. चहाच्या डागाला साबणाची वडी लावू नये, डाग पक्का होतो. तेलातुपाला आधी पाणी नकोच. त्यावर बेसन किंवा अंगाला लावायची पावडर पसरून तासभर ठेवावी, ब्रशने झाडून काढावी आणि मग सौम्य साबणाचा नुसता फेस लावून टिपावे.

आता आपल्या हळदीकुंकवाची हळद. ती कोरडी सांडली असेल तर कोरडीच उचलावी. पाणी लागले की ती बसते. साबण किंवा धुण्याचा सोडा लावला तर डाग लालभडक होतो आणि बाया घाबरतात. पण हळदीला चुना लागला की ती लाल होते, आणि कुंकू तसेच करतात, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. व्हिनेगरचे पाणी लावले की लाली जाऊन डाग पुन्हा पिवळा होतो. पुढे उन्हात हळदीचा रंग उडतो. मात्र गालिच्याचाही उडू शकतो, म्हणून ऊन थोडे थोडे द्यावे.

लोकरीला सोडा आणि ब्लीच कधीच लावू नये. ब्लीच लोकर खाऊन टाकते. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर तर मुळीच मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. कोणतेही औषध आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून पाहावे.

एवढे सांगून मी खाली बसले असते. परंतु या गालिच्याच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात जो डाग दिसतो, त्याविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. तो गेल्या कोजागिरीच्या दुधाचा आहे. आपल्यातल्या एका तरुण बाईच्या मुलाच्या हातून पेला कलंडला. तिने त्यावर आपली शाल टाकली आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिथून हलली नाही. सकाळी कोणी येण्याआधी येऊन तिने कढत पाणी आणि साबण घालून तो डाग खसखसा घासला. त्यानंतर ती मंडळात आलेली नाही. मी तिच्या घरी गेले, तेव्हा हे सारे तिनेच सांगितले. तिच्या यजमानांचा पगार तेव्हा दोन महिने थकलेला होता. तिने मला एवढेच विचारले, "काकू, भरपाई किती द्यावी लागेल हो?"

मैत्रिणींनो, जी मंडळाची वस्तू खराब करील तिने भरपाई द्यावी, हा ठराव आपण तीन वर्षांपूर्वी केला. हेतू चांगलाच होता; वर्गणीतून घेतलेल्या वस्तू टिकाव्यात असे सर्वांनाच वाटते. पण माझा अनुभव ऐका. ठरावापूर्वी काही सांडले की बाया हाका मारीत, दोघीतिघी धावत, आणि डाग निघून जाई. ठरावानंतर मला एकही ओला डाग सापडलेला नाही. सगळे वाळलेले, पाटाखाली नाहीतर लोडाखाली लपवलेले. ज्या ठरावाने गालिचा जपायचा, त्यानेच तो खराब होत आहे, आणि आपली एक बाई घरी बसली आहे ती निराळीच.

म्हणून माझी विनंती अशी की, सांडण्या-लवंडण्यापुरती तरी ही भरपाई रद्द करावी. कपाटात एक डबा ठेवावा. त्यात जुन्या धोतराचे तुकडे, बेसन, व्हिनेगरची बाटली, मऊ ब्रश आणि एक वाटी असावी. खाण्यापिण्याच्या वेळी मुलांना सुती सतरंजीवर बसवावे, ती धुता येते. आणि काही सांडले तर मोठ्याने सांगावे, ऐकणारीने कपाळाला आठी घालू नये.

कोपऱ्यातला तो डाग पुरता निघेल असे मी म्हणत नाही. तो आता जुना झाला आहे. पण ठराव बदलला, तर उद्या सकाळी मी तिच्याकडे जाऊन तसे सांगेन. याचा विचार आजच्याच सभेत व्हावा.