लेस्टर यंग ऐकावयाचा तो कोठून?

थोर कलावंताच्या ध्वनिमुद्रिका प्रथमच ऐकावयास बसणाऱ्या श्रोत्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती विपुलतेची. अमेरिकेतील जाझ संगीताचा विख्यात सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग याच्याबाबतीत ही अडचण दुहेरी आहे. १९३६ साली त्याचे वादन प्रथम मुद्रित झाले. अखेरचे मुद्रण झाले ते मार्च १९५९ मध्ये, पॅरिस येथे, मृत्यूपूर्वी अवघे काही दिवस. या काळातील तबकड्यांची संख्या मोठी आहे, हे एक. दुसरे असे की, एकही तबकडी ऐकण्यापूर्वीच श्रोत्याच्या कानावर एक निकाल पडलेला असतो. १९४५ पूर्वीचा लेस्टर यंग हाच खरा. त्यानंतर उरली ती केवळ त्याची सावली, असा तो निकाल. हा निकाल मानावा की मानू नये, हे ठरविण्याचा अधिकार श्रोत्याचाच आहे. परंतु तो अधिकार त्याला बजावता येईल की नाही, हे त्याने आरंभ कोठून केला यावर पुष्कळसे अवलंबून राहते.

सामान्यतः सल्ला दिला जातो तो कालक्रमाने ऐकण्याचा. पण या सल्ल्यात एक धोका आहे. सत्ताविसाव्या वर्षीच्या वादनातील चपळाई एकदा कानांत भरली, की पुढच्या प्रत्येक वर्षी श्रोता तिचाच शोध घेऊ लागतो, आणि ती आढळली नाही म्हणजे कलावंत खालावला असे मानून मोकळा होतो. याउलट कोणी उत्तरकाळापासून आरंभ केला, तर त्याला मंद, तुटक स्वरांमागचे मन उमगत नाही. तो कंटाळून उठतो. या दोन्ही वाटा टाळून तिसरी एक वाट घेता येते. ती म्हणजे लेस्टर यंग प्रथम ऐकावा तो एकल वादक म्हणून नव्हे, तर एका गायिकेचा साथीदार म्हणून.

ज्यांचे कान नाट्यसंगीत, ठुमरी आणि भजन यांवर पोसले गेले आहेत, त्यांना ही वाट परकी वाटू नये. गायकाने जागा घ्यावी आणि सारंगीने किंवा हार्मोनियमने ती हळूच उचलून धरावी, या प्रकारातील आनंद त्यांना सांगावयास नको. सॅक्सोफोन हे वाद्यही तितकेसे अनोळखी नाही. १९४० च्या सुमारास मुंबईच्या हॉटेलांत गोमंतकीय वादक जाझ वाजवीत, आणि पुढे त्यांतील अनेकजण हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत दाखल झाले. बेल्जियन कारागीर अडॉल्फ सॅक्स याने निर्माण केलेल्या या वाद्याचे पेटंट १८४६ सालचे आहे. त्याच्या अनेक जातींपैकी 'टेनर' ही जात लेस्टर यंगची. पुरुषाच्या आवाजाच्या टापूत हे वाद्य बोलते. साथीला ते शोभून दिसते ते म्हणूनच.

यंगचा जन्म २७ ऑगस्ट १९०९ रोजी मिसिसिपी राज्यातील वुडव्हिल येथे झाला. वडिलांचा स्वतःचा कौटुंबिक वाद्यवृंद होता आणि मुलगा त्यात प्रथम ड्रम वाजवीत असे. गावोगाव फिरत, वर्णभेदाचे चटके सोसत तो वाढला. पुढे कॅन्सास सिटीत काउंट बेसी याच्या वाद्यवृंदात त्याचे नाव झाले. तेथील रीनो क्लबमधून नभोवाणीवर प्रसारित होणारे बेसीचे संगीत १९३६ साली जॉन हॅमंड या जाणकाराने शिकागोत आपल्या मोटारीतील रेडिओवर ऐकले, आणि या मंडळींना पूर्वेकडील मोठ्या शहरांची दारे उघडली. नभोवाणीचे हे ऋण जाझच्या इतिहासात नोंदले गेले आहे.

याच हॅमंडच्या पुढाकाराने २५ जानेवारी १९३७ रोजी न्यूयॉर्क येथे लेस्टर यंग आणि बिली हॉलिडे ही गायिका ध्वनिमुद्रणासाठी प्रथम एकत्र आली. तो २७ वर्षांचा, ती २१ वर्षांची. पियानोवादक टेडी विल्सन प्रमुख होता. आरंभ करावयाचा तो येथून. 'धिस इयर्स किसेस' हे त्या दिवशीचे गीत प्रथम घ्यावे. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्या अवकाशात वाद्ये आणि गायिका यांना आपापला वाटा मिळावयाचा. गायिका येण्यापूर्वी सॅक्सोफोन गीताची चाल सांगून जातो. अलंकरण जवळजवळ नाही. स्वर सरळ, कंपनविरहित, थोडेसे मागे रेललेले. मागाहून हॉलिडे गाऊ लागली की ध्यानात येते, तीही तालाच्या तशीच किंचित मागे राहून शब्द टाकीत आहे. दोघांचा श्वास जणू एकाच ठिकाणी तुटतो.

दुसरे पाऊल त्याच वर्षीच्या १५ जूनचे. त्या दिवशी मुद्रित झालेली 'अ सेलबोट इन द मूनलाइट' आणि 'मी, मायसेल्फ अँड आय' ही दोन गीते शांतपणे, प्रत्येकी तीनदा ऐकावीत. पहिल्या वेळी केवळ गायिकेकडे लक्ष द्यावे. दुसऱ्या वेळी तिच्या आवाजामागे चाललेल्या सॅक्सोफोनकडे. तिसऱ्या वेळी दोहोंमधील अंतराकडे. म्हणजे ती ओळ संपविते तेथे तो काय करतो, आणि ती पुन्हा बोलू लागली म्हणजे तो कोठे थांबतो याकडे. तो तिची नक्कल करीत नाही. ती म्हणते त्याला दुजोरा देतो, क्वचित सौम्य विरोध करतो, आणि बहुधा तिला पुढच्या शब्दापर्यंत सोबत करतो. वादकाला गीताचे शब्द ठाऊक असले पाहिजेत, असा त्याचा आग्रह होता. हा आग्रह ध्यानी धरला म्हणजे त्याचे सारे वादन उलगडू लागते. कारण तो वाजवितो तेव्हा शब्दांच्या जागाच वाजवीत असतो. हॉलिडेने त्याला 'प्रेस' म्हटले, म्हणजे अध्यक्ष. त्याने तिला 'लेडी डे' म्हटले. ही दोन्ही नावे अखेरपर्यंत टिकली.

इतके झाल्यावर एकल वादनाकडे वळावे, आणि तेथे १९३६ ची तबकडी घ्यावी. बेसी दुसऱ्या एका कंपनीशी करारबद्ध असल्याने त्याचे नाव देता येईना. म्हणून कार्ल स्मिथ हा ट्रंपेटवादक आणि जो जोन्स हा ड्रमवादक यांची आडनावे जोडून 'जोन्स-स्मिथ इनकॉर्पोरेटेड' या नावाने ही तबकडी निघाली. तीतील 'ओ, लेडी बी गुड' या गीतात यंगच्या वाट्याला दोन फेऱ्या आहेत. येथे थोडा हिशेब समजून घ्यावा. चार मात्रांचा एक गट, त्यास बार म्हणतात. असे ३२ बार म्हणजे गीताची एक फेरी. आठ बारांचा मुखडा दोनदा, मग आठ बारांचा अंतरा, आणि पुन्हा मुखडा. वादक हा साचा कायम ठेवून त्यावर नवी चाल रचीत जातो. यंगने रचलेले हे ६४ बार कित्येक तरुण वादकांनी पाठ केले. चार्ली पार्कर यानेही तरुणपणी यंगच्या तबकड्या घोटल्या होत्या.

यातील नवेपणा कशात होता, हे कळण्यासाठी कोलमन हॉकिन्सची १९३९ मधील 'बॉडी अँड सोल' ही एकच तबकडी शेजारी ठेवणे पुरेसे आहे. हॉकिन्सचा स्वर घनदाट, कंपनाने भरलेला, प्रत्येक स्वरसंगतीचा कोपरा न् कोपरा तपासणारा. त्या काळी टेनर सॅक्सोफोन वाजवावयाचा तो असाच, अशी समजूत होती. १९३४ साली फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदात हॉकिन्सच्या रिकाम्या जागेवर यंगची नेमणूक झाली, तेव्हा हेंडरसनची पत्नी त्याला हॉकिन्सच्या तबकड्या ऐकवून तसे वाजविण्यास सांगत असे. यंगने ते मानले नाही. थोड्याच महिन्यांत त्याने ती नोकरी सोडली. त्याचा आदर्श वेगळा होता. फ्रँकी ट्रंबाउअर या वादकाच्या 'सी-मेलडी' जातीच्या हलक्या सॅक्सोफोनचा स्वर त्याला आपल्या जड वाद्यातून काढावयाचा होता.

त्यानंतर १९३९ मधील 'लेस्टर लीप्स इन' ऐकावे. येथे त्याची आणखी एक खुबी दिसते. एकच स्वर तो लागोपाठ वाजवितो, परंतु दर वेळी बोटांची ठेवण बदलून. त्यामुळे स्वर तोच राहून त्याचा रंग पालटतो. सतारीवर एकच सूर दोन तारांवर वाजविला असता जो फरक कानाला जाणवतो, त्याच जातीचा हा फरक. ज्यांना वादक डोळ्यांनी पाहावयाचा आहे, त्यांनी ग्यॉन मिली या छायाचित्रकाराने १९४४ साली केलेला 'जॅमिन द ब्लूज' हा दहा मिनिटांचा चित्रपट अवश्य पाहावा. चपट्या कडेच्या टोपीतील यंग तेथे अगदी जवळून दिसतो.

त्याच वर्षी त्याला सक्तीने सैन्यात भरती करण्यात आले. सैन्याच्या वाद्यवृंदात त्याला स्थान मिळाले नाही. त्याच्यापाशी मादक द्रव्ये सापडली. १९४५ च्या आरंभी लष्करी न्यायालयाने त्याला एक वर्षाची शिक्षा सुनावली, आणि ती त्याने जॉर्जिया राज्यातील लष्करी बंदिशाळेत भोगली. वर्षाच्या अखेरीस तो सुटला. प्रारंभी सांगितलेला निकाल उभा आहे तो या घटनेवर: बंदिशाळेने माणूस मोडला आणि माणसाबरोबर कलाही मोडली.

माणूस दुखावला गेला, यात संशय नाही. परंतु कलेविषयीचा पुरावा तपासून पाहण्याजोगा आहे. सुटका होताच, डिसेंबर १९४५ मध्ये, लॉस एंजेलिस येथे त्याने वाजविलेले 'दीज फूलिश थिंग्ज' ऐकावे. लोकप्रिय गीत, पण पहिल्या स्वरापासूनच तो मूळ चाल बाजूस ठेवून आपली चाल सांगू लागतो. जो श्रोता हॉलिडेच्या वाटेने येथवर आला आहे, त्याला यात विस्कळीतपणा दिसणार नाही; शब्द पुरते मुरल्यावर माणूस ते जसे आपल्या भाषेत सांगतो, तसे हे वाटेल. १९४६ मध्ये नॅट कोलचा पियानो आणि बडी रिचचे ड्रम एवढ्याच साथीवर, बासवादकाशिवाय, त्याने केलेली ध्वनिमुद्रणे तर निव्वळ सावलीच्या हातून होणारी नव्हेत.

आता एक परीक्षा. 'ऑल ऑफ मी' हे गीत हॉलिडेने मार्च १९४१ मध्ये गायिले; त्यात यंगचे छोटेसे वादन आहे. तेच गीत १३ जानेवारी १९५६ रोजी यंगने तिच्यावाचून वाजविले. हे मुद्रण 'प्रेस अँड टेडी' या संग्रहात मिळते. पियानोवर १९३७ चाच टेडी विल्सन, ड्रमवर १९३६ चाच जो जोन्स. मधल्या काळात मद्याने यंगचे शरीर पोखरले होते. त्यापूर्वी थोडेच दिवस तो रुग्णालयात होता. ही दोन मुद्रणे लागोपाठ ऐकावीत. १९५६ च्या मुद्रणात स्वर जड झाला आहे, श्वास आखूड झाला आहे. धाव पूर्वीची नाही. पण ओळींमधील विराम वाढले आहेत, आणि ते रिकामे नाहीत. गायिका नसतानाही तिच्यासाठी जागा सोडून वाजवावे, तसे ते वादन आहे.

याचा अर्थ उत्तरकाळातील सर्वच उत्तम आहे, असा नव्हे. त्यातील काही मुद्रणे खरोखरच दुबळी आहेत. मोठ्या सभागृहांत, टाळ्यांच्या चढाओढीत मुद्रित झालेल्या मैफली नवख्याने प्रारंभी दूर ठेवाव्यात. तसेच एकेका गीताचे सर्व प्रयत्न गोळा करणारे जाडजूड संग्रहही. ते जाणत्यांसाठी आहेत. निकालात तथ्य मुळीच नाही असे नाही. तो अपुरा आहे, इतकेच.

शेवटी ठेवावे ते ८ डिसेंबर १९५७ चे दूरचित्रवाणीवरील 'फाइन अँड मेलो'. अमेरिकेतील सी.बी.एस. संस्थेच्या 'द साउंड ऑफ जाझ' या कार्यक्रमात हॉलिडेने ते स्वतःचे गीत गायिले. ते चलच्चित्रासह पाहावे. त्याच आठवड्यात निराळे मुद्रित झालेले तबकडीवरील गीत त्याच्या जागी चालणार नाही. हॉकिन्सही त्या मंडळींत आहे. यंगची प्रकृती इतकी खालावली होती, की वाद्यवृंदातील इतर कामातून त्याला मोकळे ठेवण्यात आले होते. त्याची पाळी येते, तो उठून उभा राहतो आणि बारा बार वाजवितो, बस्स. एक द्रुत तान नाही, एक स्वर जास्तीचा नाही. गायिका ऐकत असते आणि मान हलवीत असते. बारा बारांत काय सांगितले गेले, ते तिच्या चेहऱ्यावर वाचता येते.

१५ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्क येथे, वयाच्या ४९ व्या वर्षी लेस्टर यंग मरण पावला. त्याच वर्षीच्या १७ जुलैला बिली हॉलिडेही गेली; ती ४४ वर्षांची होती.

१९३७ ची साथ, १९३६ आणि १९३९ चे एकल वादन, १९४५-४६ ची पुनर्भेट, १९५६ चे विराम आणि १९५७ चे बारा बार, असा हा क्रम आहे. यातील बहुतेक मुद्रणे आज घरबसल्या ऐकता येतात, आणि दोन-तीन संध्याकाळी त्यास पुरतात. त्यानंतर ज्याला निकाल द्यावयाचा असेल त्याने तो खुशाल द्यावा. निदान तो ऐकीव असणार नाही, ऐकलेला असेल.