शाईचा गंज आणि जिनवाणीचे जतन

(सुवर्ण महोत्सवानिमित्त जालना एमआयडीसी येथे झालेल्या व्याख्यानाचा सारांश)



पोथीचे शत्रू म्हटले की वाळवी, उंदीर, पाणी आणि अग्नी डोळ्यांपुढे येतात. परंतु एक शत्रू अक्षराच्या रूपाने पानावरच बसलेला असतो. तो म्हणजे शाई.

पूर्वीचे लेखनिक काजळ व डिंक घोटून मषी करीत. काजळ हा निव्वळ कार्बन; तो कागदाला अपाय करीत नाही. कारंजा (लाड) येथील भांडारांतील पोथ्या शतकानुशतके टिकल्या, म्हणूनच डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाने ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये आणि ‘करकंडचरिउ’ १९३४ मध्ये वाचकांसमोर आले.

दुसरी शाई हिराकस आणि मायफळाची. बाळगुटीतले हे मायफळ निरुपद्रवी खरे. पण हिराकस म्हणजे लोह व गंधकाम्ल यांचा क्षार. या शाईतील आम्ल कागदाचे तंतू तोडते आणि उरलेले लोह हवेच्या संयोगाने तोच नाश वाढवते. अक्षरामागे तपकिरी डाग उमटतो, पान तडकते आणि शेवटी अक्षर गळून कागदाची जाळी उरते. चित्रांतील तांब्यापासून केलेला हिरवा जंगाल रंगही असाच कागद खातो. सळया घडवणाऱ्या या नगरीला गंजाची ओळख निराळी करून देण्याची आवश्यकता नाही.

या रोगावरील औषध मात्र बियाण्यात सापडले! धान्याच्या बियांत व कोंड्यात असणारे ‘फायटेट’ मोकळे लोह बांधून ठेवते, हे नेदरलँड्समधील संशोधक नीव्हेल यांनी १९९५ मध्ये मांडले. पोलाद आणि बियाणे या दोहोंसाठी ख्यात असलेल्या जालन्याला हा योग मोठा बोधप्रद आहे. तथापि हा उपचार पाण्यातून करावा लागतो आणि डिंकाची काळी वा तांबडी शाई पाण्याने पसरू शकते. म्हणून तो घरी कदापि करू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासारख्या संस्थेतील जाणकारांचा सल्ला आधी घ्यावा.

घरी करण्याजोगे पुष्कळ आहे. पोथी उन्हात वाळवू नये. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये. वेष्टनास मांजरपाट उत्तम. मात्र कोऱ्या कापडाची खळ धुऊन काढावी, कारण खळीवर कीड येते. ओल ही शाईच्या गंजाची जननी, म्हणून जागा कोरडी असावी.

पावसाळा संपल्यावर कार्तिक शुद्ध पंचमीस, ज्ञानपंचमीला, ग्रंथपूजन होते. त्या दिवशी गंधाक्षतांबरोबर प्रत्येक पान उलटून मागची बाजूही पाहावी. फाउंटन पेनची जुनी निळी-काळी शाईही पुष्कळदा याच लोहजातीची असे. तेव्हा संस्थेची आरंभीची इतिवृत्ते आणि घराघरांतील चोपड्याही त्याच दिवशी तपासाव्यात.

ज्ञानाची आशातना केवळ पाय लागल्यानेच होते असे नाही. बासनात बांधून विसरल्यानेही होते. सुवर्ण महोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने एक बासन जरूर उघडावे.

जय जिनेन्द्र!