समितीत आपलं नाव आहे का?



आमच्या प्रभागातल्या गटांच्या बैठकांत सध्या एक विषय पुन्हा पुन्हा निघतोय. ग्रामपंचायतीतून निरोप येतो, "जैवविविधता समितीसाठी दोन बायांची नावं द्या." गटातल्या बाया एकमेकींकडे बघतात. कोणीतरी विचारतं, "मानधन किती?" उत्तर येतं, "मानधन नाही." मग हसू फुटतं. एक बाई तर म्हणाली, "ताई, शाळेची समिती झाली, पाण्याची झाली, वनसमिती झाली. आता ही कुठली? सही कुठे करायची तेवढं सांगा, मला शेळ्या सोडायच्यात."

तिचं काही चुकलं नाही. बायांकडून फुकट काम करून घेण्याची सवय सगळ्यांनाच आहे. तरी आजच्या बोलण्यात आम्ही एवढंच सांगणार आहोत की सही करायच्या आधी ही समिती कशाची आहे ते नीट समजून घ्या. कारण आपल्या घरात येणारा बराच पैसा, मोहफुलांचा, आमचुराचा, डिंकाचा, रानभाजीचा, तो ज्या झाडाझुडपांवर आहे त्यांचाच हिशेब या समितीकडे आहे.

देशात २००२ साली जैवविविधता कायदा झाला. त्याच्या ४१ व्या कलमात लिहिलंय की प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या हद्दीत जैवविविधता व्यवस्थापन समिती करायची. स्थानिक संस्था म्हणजे आपली ग्रामपंचायत तर आहेच, पण नगरपरिषदसुद्धा आहे. म्हणजे नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर या शहरांतही हीच समिती हवी. शहरात राहणाऱ्या गटांच्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवा. गोमाईच्या, रंगावलीच्या काठी कोणती झाडं उरलीत, कोणत्या नाल्यातून घाण पाणी नदीत उतरतं, रस्ता रुंद करताना कोणता वड आडवा येतोय, हे सगळं तिथल्या समितीच्या टेबलावर यायला पाहिजे. पुढारी आणि साहेब बदलत राहतात, तिथे राहणारी माणसं तीच असतात, म्हणून समितीत राहणारी माणसं घ्यायची.

२००४ मध्ये केंद्राने नियम काढले. त्यात एक अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य ठरवले होते, आणि त्यातल्या किमान एक तृतीयांश बाया. आदिवासी आणि अनुसूचित जातीच्या माणसांसाठीही जागा राखून ठेवल्या. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, म्हणून आज आपल्या समितीत किती जण हवेत ते ग्रामसेवकांना विचारून घ्या. पण बायांना घेतलं ते कोणाच्या मेहरबानीने, असं समजू नका.

आता समितीचं मुख्य काम. गावातली झाडं, पिकांचे वाण, जनावरं, मासे, औषधी मुळ्या, आणि त्यांच्याविषयी गावाला असलेली माहिती एका नोंदवहीत लिहायची. तिला लोक जैवविविधता नोंदवही म्हणतात. पुण्याचे शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी ही कल्पना १९९० च्या दशकात मांडली. कल्पना साधी होती, गावानेच आपल्या गावाचं लिहायचं.

प्रत्यक्षात काय झालं? कायदा होऊन पंधरा-सोळा वर्षं गेली तरी देशात कितीतरी ठिकाणी समित्या नव्हत्या. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली. त्यानंतर काम अपुरं राहिलं तर राज्याला महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागतील असं सांगितलं. झालं, सगळीकडे घाई सुटली. आम्ही एका गावाची नोंदवही पाहिली आहे. गावाचं नाव सांगत नाही. सुंदर पुठ्ठ्याची, रंगीत चित्रांची. त्यात समितीच्या बाई सदस्य म्हणून जिचं नाव होतं, तिला ते नाव तिथे आहे हेच ठाऊक नव्हतं. आणि आंब्यासाठी एक ओळ होती. "आंबा, फळझाड, उपयोग खाण्यासाठी."

आता धडगावकडच्या बायांना विचारा, आंबा म्हणजे एक ओळ असते का? तिथे घरागणिक देशी आंब्याची झाडं आहेत आणि झाडागणिक नाव आहे. कोणता खोबऱ्या, कोणता शेप्या, कोणता गोट्या. कोणत्या झाडाची कैरी इतकी आंबट की आमचूर पांढराशुभ्र उतरतो आणि व्यापारी तो वेगळा काढतो, कोणत्या झाडाची फोड वाळता वाळता काळी पडते, कोणतं झाड एक वर्ष आड धरतं, हे ती बाई डोळे मिटून सांगेल. कैरी उतरवायची, सोलायची, काप करायचे, उन्हात पसरायचे, वळवाचा पाऊस आला की धावत जाऊन गोळा करायचे. हे सगळं बाईच्या हातचं. मग त्या झाडाची माहिती लिहायला बसलेल्या माणसाने तिला विचारलंच नाही, तर वहीत लिहिणार तरी काय?

आणि वहीत नाही म्हणजे कागदावर ते झाड नाही. उद्या रस्त्यात, तारेत, कुणाच्या प्लॉटमध्ये ते गेलं तर "इथे काही विशेष नव्हतं" असं म्हणायला मोकळीक.

मोहाचंही तसंच आहे. फुलं पडायच्या दिवसांत झाडाखालचा पाला जाळायची पद्धत आहे, जमीन साफ दिसते आणि वेचायला सोपं जातं. पण वारा सुटला की ती आग रान चढते. कोवळी रोपं जळतात, म्हणून मोहाखाली नवा मोह उभा राहत नाही. जुनी झाडं आजोबांच्या वेळची, नवी कुठे आहेत ते आपापल्या रानात बघा. आता "पाला जाळू नका" हे वनरक्षकाने सांगितलं तर भांडण होतं. समितीतल्या चार बायांनी ठरवलं की या वर्षी झाडू मारायचा, किंवा जुन्या साड्या नाहीतर जाळी अंथरायची, तर ते होऊ शकतं. कारण वेचणारी तीच आहे, झाडू मारायला लागणारा तासही तिचाच जाणार आहे. हा तास बुडीत आहे असं कोणी म्हटलं तर आम्ही वाद घालणार नाही. तो तास खरा आहे. म्हणून तर ते ठरवण्याचा हक्कही तिचाच असायला हवा.

काही बायांना भीती वाटते की समिती झाली की आपल्यालाच रानात जायला बंदी येईल. तसं नाही. जैवविविधता कायद्याने स्थानिक लोकांना आणि गावच्या वैदूंना मोकळीक दिली आहे. शिवाय गौण वनोपज गोळा करायचा आणि विकायचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने दिला आहे. आपल्या जिल्ह्यातले नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके आणि नंदुरबार-शहाद्याचा काही भाग पेसा कायद्याखाली येतो, तिथे ग्रामसभेचा शब्द आणखी वजनदार आहे. उलट बाहेरून गाडी घेऊन येणारा व्यापारी मुळ्या, साली, पाला धंद्यासाठी नेत असेल तर त्याच्याकडून शुल्क घ्यायचा अधिकार ४१ व्या कलमाने या समितीला दिला आहे. आपल्या किती गावांत असं शुल्क घेतलं जातं? विचारून बघा. समितीलाच आपला अधिकार माहीत नसेल तर घेणार कोण?

(ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला आहे, तिथे त्या जंगलासाठी ग्रामसभेने नेमलेली वेगळी समिती असते. दोन्हींची गल्लत करू नका. मात्र त्याच दोन बाया दोन्हीकडे असल्या तर काम सोपं जातं, असा आमचा अनुभव आहे.)

समिती जिवंत असली तर काय होतं हे बघायला फार लांब जायला नको. आपला जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, त्याआधी आपण धुळे जिल्ह्यातच होतो. त्याच धुळ्याच्या साक्री तालुक्यात, आपल्या नवापूरच्या शेजारी, बारीपाडा आहे. कोकणा लोकांचं लहानसं गाव. १९९० च्या आसपास तिथलं रान तुटून उघडं पडलं होतं आणि बाया पाण्यासाठी वणवण फिरत होत्या. चैत्राम पवार या गावच्या शिकलेल्या तरुणाने लोकांना एकत्र आणलं, गावाने जंगल राखायची समिती केली. कुऱ्हाडबंदी ठरली, मोडणाऱ्याला दंड ठरला, पहारा ठरला. डोंगरावर समतल चर खणले, ओढ्यांवर दगडी बांध घातले. सव्वाचारशे हेक्टरच्या वर जंगल परत उभं राहिलं, विहिरींना पाणी आलं, भात पिकू लागला. २०२५ मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री मिळाली.

यात आम्हाला दोन गोष्टी मोठ्या वाटतात. पहिली, बारीपाड्याची समिती कायद्याच्या आधीची आहे. वरून कागद येण्याची तिने वाट पाहिली नाही. दुसरी, तिथे २००४ पासून रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. बाया जंगलातून भाज्या आणतात, रांधतात, मांडतात, लांबून लोक बघायला येतात. कोणती भाजी कुठे उगवते, कशी शिजवली तर खाज जाते, हे स्पर्धेच्या निमित्ताने सासूकडून सुनेकडे जातं. आमच्या मते ती सुद्धा एक नोंदवहीच आहे.

आपल्याकडेही धडगाव तालुक्यात बायफ संस्थेच्या साथीने मका आणि ज्वारीचे जुने वाण शोधून जपण्याचं काम झालं, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी याहामोगी मातेच्या नावाने बियाणे संवर्धन समिती उभी केली. बी कणगीत कोण ठेवतं, राख कोण लावतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मग नाव द्यायचं का? आम्ही म्हणतो द्या, पण अटी घालून. एकटी बाई देऊ नका, दोघी द्या, एकीला बोलायला सुचलं नाही तर दुसरी बोलेल. त्यातली एक चाळिशीच्या पुढची असावी, जिला रान पाठ आहे, आणि एक लिहिता-वाचता येणारी सून. बैठक रात्री नऊला पारावर ठेवली तर जाणार नाही असं आधीच सांगा, आणि बाजाराच्या दिवशीही नको. कोऱ्या कागदावर सही नाही. इतिवृत्त वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही. नोंदवही आधीच झाली असेल तर ती मागून घ्या आणि गटात बसून वाचा. जे राहिलं असेल ते वेगळ्या कागदावर लिहा, ग्रामसभेत ठराव घेऊन जोडायला लावा. आपल्या एका गटाने हे केलं तेव्हा पहिल्याच दुपारी एकट्या पावसाळी भाज्यांचीच यादी वहीचं पान भरून झाली, आणि टाकळ्यावरून दोघींचं भांडण झालं ते वेगळंच.

एक प्रश्न मात्र अजून तसाच आहे, तो तुमच्यापुढे ठेवतो. एका पाड्यावर बाळंतिणीला औषध देणारी म्हातारी आजी आहे. सुनांनी तिला म्हटलं, "आजी, तुझ्या मुळ्या वहीत लिहू." आजी म्हणाली, "लिहून वही कुठे ठेवणार? कपाटाची चावी कोणाकडे?" बरोबर विचारलं तिने. गुपित माहिती सांगणाऱ्याच्या संमतीशिवाय लिहायची नाही आणि कोणालाही दाखवायची नाही, हे समितीनेच पाळायचं असतं. पण आजीला कागदावरच्या नियमापेक्षा चावी मोठी वाटते. शेवटी असं ठरलं की झाडाचं नाव आणि ते कुठे आहे एवढंच लिहायचं, म्हणजे ते झाड राखता येईल. औषध कसं करायचं ते लिहायचं नाही. ते आजी नातीला शिकवते आहे. तुमच्या गावात कोणी वेगळं काही ठरवलं असेल तर प्रभागसंघाच्या बैठकीत येऊन सांगा, आम्हाला ऐकायचं आहे.