वाडवडिलांनी सोसले म्हणून
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



श्रीभैरवनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार सर्वांच्या वर्गणीने व श्रमदानाने तडीस गेला. या मंगल प्रसंगी ज्यांनी हा देव येथवर आणला, त्या वाडवडिलांचे स्मरण करणे उचित होय.

हे गाव मूळचे सोलापूर जिल्ह्यातले नव्हे. ते कोयनेच्या खोऱ्यातले. महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना दक्षिणेस वाहत येते, हेळवाकजवळ पूर्वेस वळते आणि कऱ्हाडला कृष्णेस मिळते. त्या वळणाजवळचे धरण १९६४ साली पुरे झाले. अफाट पाणी साठले आणि जावळी व पाटण तालुक्यांतील गावेच्या गावे त्याखाली गेली. माणसे सोलापूर, सांगली, रत्नागिरी, ठाणे, रायगड अशी पांगली. चुलते एका जिल्ह्यात, तर पुतणे दुसऱ्या जिल्ह्यात, अशी ताटातूट झाली.

निघण्याच्या दिवसाच्या हकिकती अजून घरोघरी सांगतात. जाते, नांगर, बियाणे ट्रकमध्ये चढले. देवाचा टाक घोंगडीत गुंडाळून पुजाऱ्याने मांडीवर घेतला. एका म्हाताऱ्याने शेतसाऱ्याच्या जुन्या पावत्या पत्र्याच्या डबीत घालून आणल्या. नव्या जमिनीचा सात-बारा नावावर होईपर्यंत, आपण शेतकरी आहोत हे दाखवायला त्याच्यापाशी तेवढेच होते.

ही माणसे खाचरात भात आणि उतारावर नाचणी-वरी पिकविणारी. मृग लागला की पेरायचे, एवढे त्यांना ठाऊक. इथली काळी जमीन मात्र उत्तरा-हस्ताच्या पावसावर रब्बीची ज्वारी मागते. पहिल्या वर्षी मृगात टाकलेले बी वाया गेले. ज्वारीची भाकरी थापणे बायकांना नव्याने शिकावे लागले. डोंगरात सरपण हवे तेवढे. इथे काटक्यांसाठी मैल मैल हिंडावे लागे. पाण्याला शेजारगावच्या विहिरीवर गेले, तर कधी बोलणी खावी लागत. पण पेरणीची खरी वेळ सांगणारा आणि पहिली पाभर उसनी देणारा शेतकरीही त्याच शेजारगावचा होता, हेही विसरता कामा नये.

जरा बस्तान बसते तोच १९७२ चा दुष्काळ आला. नवरा-बायकोने खडी फोडली, तांबडा मिलो खाल्ला. पण गाव उठले नाही. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्यात झाला तो १९७६ साली. ही माणसे त्यापूर्वीच घरदार सोडून आली होती. कोयनेच्या विजेवर दूरदूरचे कारखाने चालू लागले, तेव्हा त्यांच्या घरात रॉकेलची चिमणी जळत होती. तशाही दिवसांत, स्वतःच्या घरावर कौले चढण्याआधी, त्यांनी देवावर चार पत्रे घातले. त्याच जागी आज हे मंदिर उभे आहे.

देणगीदारांची नावे फरशीवर कोरली गेली, हे योग्यच झाले. परंतु ज्यांनी देव मांडीवर आणला, त्यांची नावे कोठेच नाहीत. त्या वेळी कडेवर आलेली मुले आज म्हातारी झाली आहेत. ती आहेत तोवर प्रत्येक घराने आपली मूळ वाडी, आलेल्या माणसांची नावे आणि त्यांच्या हकिकती वहीत लिहून घ्याव्यात व ती वही मंदिरात ठेवावी. कळस पुन्हा बांधता येतो. विसरलेले नाव पुन्हा सापडत नाही.

बोला, श्रीभैरवनाथ महाराज की जय!