एका कसोटीचा मानकरी

श्रोतेहो, आपल्या बीडमध्ये जन्मलेले संजय बांगर १२ कसोटी सामने खेळले. २००२ साली लीड्सला सलामीस जाऊन त्यांनी काढलेल्या ६८ धावा पुष्कळांच्या स्मरणात असतील. बाराच सामने, म्हणून आपण हळहळतो. आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे आहे, त्यांच्या वाट्यास एकच आला.

कोल्हापूरचे सदाशिव पाटील हे मध्यमगती गोलंदाज. डिसेंबर १९५५ मध्ये मुंबईस ब्रेबॉर्न मैदानावर ते न्यूझीलंडविरुद्ध उतरले. विनू मंकड यांनी २२३ धावा केल्या, तो हा सामना. पाटील यांनी नाबाद १४ धावा केल्या, दोन्ही डावांत एकेक बळी घेतला आणि आपण डावाने जिंकलो. कसोटीत त्यांना कोणी बाद केलेच नाही! यात अपयश कोठे आले? पण तो काळ सुभाष गुप्ते यांच्या फिरकीचा. मध्यमगतीवाल्याने नवा चेंडू जुना करून द्यावा, एवढीच अपेक्षा. पुन्हा बोलावणे आले नाही. पाटील मात्र महाराष्ट्राकडून खेळत राहिले, लँकेशायर लीगमध्येही खेळून आले. २०२० मध्ये, ८६ व्या वर्षी ते वारले.

ते निदान एकदा तरी उतरले. त्याच कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ साली पुण्यास नाबाद ४४३ धावा केल्या, आणि त्यांना एकही कसोटी मिळाली नाही.