मोठे राष्ट्र आणि लहान बेट
(छत्रपती संभाजीनगर येथे एका वकिलाने दिलेल्या भाषणाचा मजकूर)

बौद्ध बंधू-भगिनींनो,

परराष्ट्रधोरण हा दिल्लीतील मंत्र्यांचा विषय. त्याच्याशी आपला काय संबंध, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. परंतु २५ नोव्हेंबर १९८७ रोजी महार रेजिमेंटच्या ८ व्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन श्रीलंकेत धारातीर्थी पडले व त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ज्या रेजिमेंटचा आपणांस अभिमान वाटतो, तिचे जवान शेजारच्या बेटावर का गेले, हे विचारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे.

प्रथम एक जुनी गोष्ट सांगतो. इंग्रजी अमदानीत सिलोनच्या मळ्यांवर तमिळ मजूर नेण्यात आले. त्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींचा भरणा मोठा होता. १९४८ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने हे लाखो लोक कोणत्याच देशाचे राहिले नाहीत. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी लालबहादूर शास्त्री व सिरिमावो बंदरनायके यांनी करार केला : ५,२५,००० लोक भारताने घ्यावेत, ३,००,००० सिलोनने. राहिलेले १,५०,००० पुढे १९७४ मध्ये निम्मेनिम वाटून घेतले. शेताची वाटणी करतानादेखील भाऊबंदांना विचारतात; येथे माणसांची वाटणी झाली आणि त्या माणसांना विचारले नाही! तेथे राहिलेल्यांना नागरिकत्व देणारा कायदा होण्यास २००३ साल उजाडले.

२९ जुलै १९८७ रोजी पुन्हा दोन सरकारांत करार झाला. या वेळी प्रश्न उत्तर व पूर्व भागांतील तमिळांचा होता. ज्या तमिळ वाघांनी शस्त्रे खाली ठेवावयाची, त्यांची त्यावर सही नव्हती. पुष्कळ सिंहली लोकांना तो लादलेला वाटला. ऑक्टोबरात लढाई जुंपली. मार्च १९९० मध्ये आपली फौज परतली, तेव्हा सुमारे १,२०० जवान प्राणांस मुकले होते.

याउलट नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवच्या अध्यक्षांच्या विनंतीवरून आपली फौज गेली आणि तिने बंड मोडले. बोलावणे श्रीलंकेतही सरकारचे होतेच. पण मालदीवमधील काम मर्यादित होते आणि ते लवकर आटोपले. २०२२ मध्ये श्रीलंका दिवाळखोरीत सापडली, तेव्हा भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरांचे साहाय्य दिले. अशा मदतीने मैत्री वाढते. धाकाने केवळ मुकाट्याने मान डोलावणारे शेजारी मिळतात, आणि तेही संधी मिळताच दुसऱ्या बलाढ्याचा आश्रय शोधतात.

आपला निर्णय आपल्या पाठीमागे होऊ नये, म्हणून बाबासाहेब गोलमेज परिषदेत उभे राहिले. जो न्याय आपण स्वतःसाठी मागितला, तोच लहान राष्ट्रांना व त्यांतील दुर्बल माणसांना लागू केला पाहिजे. म्हणून खासदार मते मागावयास येतील, तेव्हा त्यांना दोन प्रश्न विचारा : ज्यांचे भवितव्य करारात ठरते, त्यांची संमती घेतली काय? आणि आमच्या मुलांना तेथे पाठविताना परतीची मर्यादा ठरविली काय?

जय भीम!