बर्फावरचा वेग आणि कॅमेरा

बर्फावरच्या खेळांचे छायाचित्रण करताना खेळाडूच्या वेगापेक्षा हवामान जास्त जेरीस आणते. वेगाचे गणित तसे सोपे आहे. ताशी ९० किलोमीटरने उतरणारा स्कीपटू सेकंदाला २५ मीटर जातो. शटर १/२५० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात तो १० सेंटिमीटर सरकतो. १/१००० ला अडीच सेंटिमीटर. म्हणून १/१००० ते १/२००० हा पल्ला धरतात. पॅनिंग करायचे असेल तर मुद्दाम १/६० किंवा १/१२५ पर्यंत खाली येतात. इथवर फुटबॉलच्या मैदानावरचे शिक्षण पुरते, पुढे पुरत नाही.

पहिली फसवणूक उजेडाची. कॅमेऱ्यातला मीटर समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो, त्यामुळे शुभ्र उतार फोटोत राखाडी उतरतो. त्यावर एक ते दोन स्टॉप जादा एक्स्पोजर द्यावे लागते. पण खेळाडू गडद पोशाखात असला आणि जवळ येत चौकट व्यापू लागला, की स्वयंचलित मीटर उलट दिशेला झुकतो आणि एकाच झेपेच्या दहा फोटोंत दहा तऱ्हा दिसतात. उन्हातल्या बर्फावर मोजणी करून एक्स्पोजर हाताने बांधून टाकणे हाच खात्रीचा मार्ग. ऊन-ढग बदलले की मोजणी पुन्हा करावी. ढगाळ दिवशी उताराचे चढउतारच दिसेनासे होतात. अशा वेळी मोकळा उतार सोडून सूचिपर्णी झाडांच्या कडेला जावे. खोडांच्या काळ्या रेषांमुळे फोटोला खोली येते.

बर्फ पडत असेल तर ऑटोफोकस पुढच्या भुरभुरीवरच अडकतो. शर्यतीत खेळाडू कोणत्या गेटजवळून वळणार हे ठाऊक असते, तेव्हा गेटवर आधीच फोकस करून ठेवावा. फ्लॅश शक्यतो टाळावा, कारण जवळचे हिमकण उजळून सारा फोटो पांढऱ्या ठिपक्यांनी भरतो.

बॅटरीचे रडगाणे प्रत्येकाच्या तोंडी असते. कारण मात्र थोडेच जण समजून घेतात. हिवाळ्यात बाटलीतले खोबरेल थिजते, तसा लिथियम-आयन बॅटरीतला द्रव थंडीत दाटतो. आयनांची हालचाल मंदावते, अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज घसरते आणि कॅमेरा बॅटरी संपली असे जाहीर करतो. ती खरे तर संपलेली नसते. आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवली की पुन्हा काम देते. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ० ते ४० अंश सेल्सिअस एवढीच हमी असते. गुलमर्गची गोंडोला अफरवटच्या उतारावर सुमारे ३,९०० मीटर उंचीपर्यंत नेते, आणि तिथल्या जानेवारीत ही हमी कागदावरच राहते. कॅमेरे तरीही चालतात, हा त्यांचा चांगुलपणा.

थंडीपेक्षा जास्त कॅमेरे ओलीने बिघडतात, आणि तेही बहुधा उतारावर नव्हे, खोलीत. बुखारी पेटलेल्या खोलीत गारठलेला कॅमेरा उघडा आणला, की हवेतले बाष्प काचेवर, बटणांखाली आणि लेन्सच्या आतही दव होऊन बसते. तोच कॅमेरा लगेच बाहेर नेला तर ते दव गोठते. उपाय स्वस्त आहे. बाहेर असतानाच मेमरी कार्ड आणि बॅटरी काढून घ्यावी, कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढावी, तोंड घट्ट बांधावे आणि खोलीत दोन-तीन तास पिशवी उघडू नये. फोटो पाहण्याची घाई इथे महागात पडते. लेन्सवरचा भुगा फुंकर मारून उडवू नये. श्वासातली वाफ तिथेच गोठते. मऊ ब्रश वापरावा.

शरीराचीही तीच तऱ्हा. आत पातळ हातमोजे आणि वर पंजाचे जाड मोजे ही जोडी चालते. उघड्या त्वचेने धातूला शिवू नये. स्कॉटच्या १९१० च्या दक्षिण ध्रुव मोहिमेवरील छायाचित्रकार हर्बर्ट पाँटिंग यांची जीभ फोकस करताना कॅमेऱ्याच्या धातूला चिकटली आणि सोडवताना साल तिथेच राहिली, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

एवढे सांभाळूनही फोटो मिळतो तो जागेमुळे. शर्यत सुरू झाल्यावर उतारावर हिंडता येत नाही. क्रॅम्पॉन चढवून, जाळीबाहेर, ठरल्या जागी तासन्‌तास उभे राहावे लागते. नागानो ऑलिंपिकमध्ये १३ फेब्रुवारी १९९८ रोजी डाउनहिल शर्यतीत ऑस्ट्रियाचा हर्मान मायर वळणावरून हवेत भिरकावला गेला. कार्ल यारब्रो यांनी तो आडवा तरंगताना टिपला आणि फोटो ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावर आला. मायरने तीनच दिवसांनी सुपर-जीचे सुवर्णपदक जिंकले. तरी लोकांच्या डोळ्यांपुढे राहिला तो हा फोटो. वळणावर कोणी उभेच नसते, तर कितीही वेगवान शटर कुचकामी ठरले असते.

जागा निवडताना हिमस्खलनाचा विचार आधी, चौकटीचा नंतर. गस्तीच्या हद्दीबाहेरच्या उतारावर ट्रान्सीव्हर, फावडे आणि ते वापरता येणारा सोबती यांच्याशिवाय जाऊ नये.

खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २०२० पासून गुलमर्ग आणि लडाखमध्ये भरतात. लेहच्या गोठलेल्या तळ्यांवरील आइस हॉकी हा तर सह्याद्रीत कॅमेरा चालवलेल्यांना खुणावणारा विषय आहे. तरुण छायाचित्रकारांनी तिकडे अवश्य जावे. मात्र लेह ३,५०० मीटरवर आहे. विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा.